फोटो मोठा होतो, माहिती नाही

टीव्हीवरच्या गुन्हेगारीच्या मालिकेत एक सीन हमखास असतो. सीसीटीव्हीत एक धूसर ठिपका दिसतो, इन्स्पेक्टरसाहेब म्हणतात, "झूम करा", कॉम्प्युटरवाला कीबोर्ड बडवतो आणि गाडीची नंबरप्लेट लख्ख! आपल्यासारख्या इंजिनीअरिंगवाल्यांनी यावर हसायला हवं. पण हल्ली कोणी हसत नाही, कारण मोबाईलवरचं एआय ॲप खरंच असं काहीतरी करून दाखवतं. माझं म्हणणं एवढंच, की हसणं बंद करू नका.

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली. जड मराठी शब्द मला झेपत नाहीत, तेव्हा सरळ गणितच मांडते. 200 बाय 200 चा फोटो म्हणजे 40,000 पिक्सेल. तो लांबी-रुंदीने चौपट केला की 800 बाय 800, म्हणजे 6,40,000 पिक्सेल. मग वरचे 6,00,000 आले कुठून? कॅमेऱ्याने तर दिलेले नाहीत. ते सॉफ्टवेअरने भरले. म्हणजे सोळातले पंधरा ठिपके भरीचे!

ही भर कशी घालतात ते आपल्याला कोणी शिकवायला नको. लॅबमध्ये दहा रीडिंग घ्यायची असतात, मुलं पाच घेतात आणि मधली पाच 'बसवतात'. (सर, ही ऐकीव माहिती आहे.) बायलिनिअर पद्धत नेमकं हेच करते. नवा पिक्सेल शेजारच्या चार पिक्सेलवरून ठरतो, जो जवळ त्याला जास्त वजन. बायक्युबिक सोळा पिक्सेल बघते. रॉबर्ट कीज यांचा त्यावरचा पेपर 1981 चा आहे आणि ती पद्धत आजही फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. अशाने फोटो थोडा पुसट होतो, पण तो पुसटपणा प्रामाणिक असतो. "मला एवढंच माहीत आहे," असं फोटो स्वतःच सांगतो.

एआयची गोष्ट वेगळी. 2014 पासून या कामात न्यूरल नेटवर्क आली. ती ढीगभर फोटो बघून शिकतात, की अशा ठिपक्यांच्या जागी साधारण काय असतं. हे म्हणजे रीडिंग बसवणं नाही, हे सीनियरचं जर्नल समोर ठेवून लिहिणं झालं. कर्व्ह अगदी सुंदर येतो. फक्त तो आपल्या मशीनचा नसतो.

पटत नसेल तर 2020 चं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी 'पल्स' नावाचं मॉडेल केलं. 16 बाय 16 चा चेहरा दिला की ते 1024 बाय 1024 चा चकाचक चेहरा बनवायचं. कोणीतरी त्यात बराक ओबामांचा पिक्सेल झालेला फोटो टाकला, आणि बाहेर आला एक गोरा माणूस! करणाऱ्यांनीही स्पष्ट सांगितलं, की हे चेहरे काल्पनिक आहेत, यावरून कोणाला ओळखू नका.

ओबामा लांबचे, घरचंच सांगते. आमच्याकडे आजीचा चेहरा ग्रुप फोटोतून काढून मोठा करायचं ठरलं. चुलतभावाने एका ॲपमधून करून आणला. त्वचा गुळगुळीत, डोळे टपोरे, आणि कपाळावरचं गोंदण गायब! ॲपला तो डाग वाटला असावा. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई छान आहे. पण ही आई नाही." शेवटी साध्या पद्धतीने मोठा केलेला पुसट फोटोच भिंतीवर लागला, लहान फ्रेममध्ये.

काहीजण म्हणतील, पूर्वी स्टुडिओवालेही ब्रशने रिटच करायचेच की! करायचे ना. पण रिटच केलंय हे घरच्यांना माहीत असायचं. ॲप मात्र "क्वालिटी वाढवली" म्हणतं आणि मोकळं होतं.

भिंतीवरच्या फोटोत फार तर मन दुखतं. पण तोच फोटो साक्षीदार झाला तर? 2024 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाईल व्हिडिओ बचाव पक्षाला दाखवायचा होता. न्यायाधीशांनी नकार दिला. फोरेन्सिक व्हिडिओच्या तज्ज्ञांना ही पद्धत मान्य नाही, हे एक कारण होतं.

आता हे हॉस्टेलवर आणून बघा. समजा, उद्या कोणाचा लॅपटॉप गेला. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात चेहरा जेमतेम वीस पिक्सेलचा. एखादा उत्साही वीर तो ॲपमध्ये टाकतो, 'चेहरा' काढतो आणि विंगच्या ग्रुपवर पाठवतो. तो चेहरा कोणाशी तरी जुळणारच. ज्याच्याशी जुळेल, त्या बिचाऱ्याने चार वर्षं कशी काढायची?

म्हणून माझ्या तीन मागण्या. रेक्टर सरांनी नियमच करावा, की चौकशीत मूळ फुटेजच बघायचं. एआयने काढलेला चेहरा कोणी आणलाच तर तो कचऱ्यात. डिपार्टमेंटने प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मायक्रोस्कोपचे किंवा एक्स-रेचे फोटो एआयने मोठे केलेले चालवू नयेत, कारण तिथे एक भरीची रेघ म्हणजे न पडलेली क्रॅक. आणि आपल्या मॅगझिनने असा फोटो छापलाच, तर खाली एक ओळ टाकावी: 'एआयने मोठा केलेला'. गॅदरिंगच्या फ्लेक्सवर काय वाटेल ते करा, तो लांबूनच बघायचा असतो.

आणि डिटेल खरंच वाढवायचं असेल तर त्यालाही उपाय आहे: जास्त रीडिंग घ्या! किंचित सरकलेले अनेक फोटो एकत्र करून खरी माहिती वाढवता येते, हे त्साई आणि हुआंग यांनी 1984 मध्येच मांडलं होतं. हल्लीचे काही फोन झूम करताना हात हलतो त्याचा असाच उपयोग करतात. मूळ फाईल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ज्याची आठवण हवी त्याचा फोटो आजच जवळ जाऊन काढा. नंतर कुठलंही ॲप तिथे नसलेलं गोंदण परत आणून देणार नाही.