९एच म्हणजे पेन्सिल, चिलखत नव्हे!

नवी गाडी घेतली की चावीआधी कोटिंगचं पॅकेज गळ्यात पडतं. "सर, ९एच आहे, ओरखडाच येणार नाही!" आलापल्लीच्या माझ्या आतेभावालाही परवा हेच ऐकवलं. ही ९एच भानगड काय? तर पेन्सिल. आपण एचबी, २एच म्हणतो ना, तेच माप. ठरावीक दाबाने पेन्सिल रंगावर ढकलायची आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघायचं, इतकीच चाचणी. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी मिळतंय.

ही थाप पुण्यातल्या बेसमेंटमध्ये उभ्या गाडीला खपून जाते. सूरजागडला नाही. २०२१ पासून त्या डोंगरातलं लोहखनिज ट्रकने एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावरून जायला लागलं आणि रस्त्याकडेची घरं, झाडं, पिकं तांबडी झाली. ही धूळ म्हणजे हेमॅटाईट. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापावर साधारण साडेपाच ते साडेसहा, म्हणजे काचेच्या तोडीचं. आणि गाडीचा वरचा क्लिअर कोट? एक प्रकारचं प्लास्टिक, जाडी जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉन. त्यावर कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा माणूस स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर मारतोय, कोटिंग असो वा नसो.

कोटिंगचा उपयोग एवढाच, की घाण घट्ट धरत नाही आणि पाण्याने लवकर सुटते. तेवढ्यासाठी जरूर लावा, पण स्वतः लावा. अंगणात सडा मारून धूळ बसवा. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी भरपूर पाणी, मग शांपू, हात फिरवून खरखर लागली तर क्ले, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. मग हातभर चौकोनात कोटिंग पसरा, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि पुढचा चौकोन. एकदम अख्खं बॉनेट माखू नका, वाळलं की डाग निघत नाहीत. नवशिक्याला एक रविवार पुरतो. शोरूमवाले यापेक्षा वेगळं काही करत नाहीत, फक्त एसीत करतात.

पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. धूळ कुणाची आणि खर्च कुणाचा? २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी खनिजाची पाइपलाइन सुरू झाली. पाण्यात कालवून भुकटी नळातून जाते, म्हणजे धूळ न उडवता माल नेता येतो हे सिद्धच झालं. मग जो ट्रक रस्त्यावर निघेल त्याला घट्ट ताडपत्री आणि खाणीतून निघताना चाकं धुणं सक्तीचं का नको? गाडीला कोटिंग तरी मिळतं. त्या रस्त्याने सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरांच्या फुफ्फुसांसाठी कुठलं ९एच आणायचं?