गहाळ झालेल्या वर्षांची भरपाई

न्हावा शेवा बंदरात व्यापाऱ्याचा माल गहाळ झाला, तर तो विम्याचा कागद पुढे करून भरपाई मागतो. सरकारी यंत्रणेच्या हातून माणसाची वर्षेच गहाळ झाली, तर त्याने कोणता कागद पुढे करावा?

2003 साली घडलेल्या भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीचे सहा इसम पकडले गेले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशी फर्माविली. त्यांतील एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता! 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सर्वांस निर्दोष ठरविले. घटनेनंतर दोनच दिवसांनी बचावलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाही. सोळा वर्षांबद्दल न्यायालयाने प्रत्येकी 5 लाख रुपये देवविले. ही न्यायालयाची उदारता झाली, कायद्याने दिलेला हक्क नव्हे.

कॅलिफोर्नियातील ब्रायन बँक्स हा होतकरू फुटबॉलपटू खोट्या आरोपामुळे पाच वर्षे तुरुंगात होता. 2012 साली तो निर्दोष ठरला. तेथे तुरुंगातील दर दिवसाचा मोबदला कायद्यानेच ठरलेला आहे. आमच्याकडे विधि आयोगाने 2018 साली 277व्या अहवालात अशा कायद्याची शिफारस केली. परंतु 2023च्या नागरिक सुरक्षा संहितेत ती उतरली नाही. विनाकारण अटक झालेल्यास मिळावयाची भरपाई तीत 1000 रुपयांच्या आतच राहिली. ही रक्कम कोणत्या हिशेबाने ठरली, हे आमच्या खासदारांनी संसदेत विचारावे.