वेगाचा अग्रक्रम

मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेमार्गाची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. ५०८ किलोमीटरांच्या या मार्गासाठी जपानने अल्प व्याजाने कर्ज दिले आणि महाराष्ट्राने ५,००० कोटी रुपयांचा भांडवली वाटा स्वीकारला. उलट, १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाची गाडी बीडला पोहोचावयास सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. त्याचाही निम्मा भार राज्याच्याच माथी होता. जपानी कर्ज बीडसाठी मिळाले नसते, हे खरे. परंतु राज्याचा वाटा राज्याच्याच तिजोरीतला. त्याचा अग्रक्रम राज्यकर्तेच ठरवितात. वेगाला विरोध करणे शहाणपणाचे नव्हे; मात्र दुष्काळी जिल्ह्याने तीस वर्षे वाट पाहावी, हेही नियोजन नव्हे. प्रत्येक मंजूर मार्गाची मुदत अर्थसंकल्पात जाहीर व्हावी आणि ती टळल्यास विधिमंडळात जाब द्यावा लागावा.