पेढीवरचे गणित

बेगम बाजार असो वा उस्मानगंज, पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकास एक जुनी खूण ठाऊक आहे. खतावणीची बेरीज जुळली नाही आणि फरकाच्या रकमेस नऊने पूर्ण भाग गेला, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी असे समजावे. ८४ च्या जागी ४८ लिहिले गेले की फरक ३६ येतो. ही खूण आम्ही वडीलधाऱ्यांकडून शिकलो व उभी हयात वापरली. परंतु असे का होते, हे कधी विचारले नाही. आमच्या एका तरुण गुमास्त्याने ते विचारले, तेव्हा ‘आधी रोजमेळ पुरा कर’ असे सांगून आम्ही त्यास गप्प केले. याचा आज आम्हांस खेद वाटतो.

कारण, याच आकड्यांच्या अदलाबदलीत एका मराठी शाळामास्तरांस जगास ठाऊक नसलेली गोष्ट सापडली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. बी.एस्सी. होऊन ते १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शिकवीत राहिले. त्यांजपाशी गणितातील उच्च पदवी नव्हती, विद्यापीठात जागा नव्हती. त्यांनी दाखविले ते असे : चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च! कोणत्याही संख्येस सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहीत. पुष्कळ विद्वानांनी ही निव्वळ करमणूक मानली. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांजविषयी लिहिले, तेव्हा कापरेकरांचे नाव जगभर झाले.

त्याच वर्षी गार्डनर यांनी पंचकोनी फरश्यांविषयीही लिहिले. ते वाचून केवळ शाळेपुरते गणित शिकलेल्या मार्जोरी राइस या गृहिणीने पुढील काळात पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. २०२२ साली इंग्लंडातील डेव्हिड स्मिथ या निवृत्त छपाई-तंत्रज्ञास असा तेरा बाजूंचा आकार सापडला, की ज्याच्या फरश्या सारी जमीन व्यापतात, पण त्यांची रचना ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. सापडले म्हणजे सिद्ध झाले, असे नव्हे. स्मिथ यांनी तिघा अभ्यासकांस सोबत घेतले व २०२३ साली सिद्धता मांडली. राइसबाईंचे काम डोरिस शाट्‌श्नायडर या प्राध्यापिकेने तपासले. नमुना पाहून सौदा ठरतो, परंतु माल तोलल्यावाचून बिल होत नाही. व्यापाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

आपल्या समाजास हा विषय परका नाही. पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेले मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. त्या घराण्यातील अमोघवर्ष राजाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. व्याज आणि सोन्याचा कस यांचीही उदाहरणे त्यात आहेत. बाजारातील हिशेब त्या जैन पंडितास हलका वाटला नाही.

म्हणून आमची सूचना अशी. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार गुणांवर होतात, ते तसेच व्हावेत. त्यांच्या जोडीस एक बक्षीस अशा मुलामुलींसाठी ठेवावे, की जे स्वतःचा प्रश्न घेऊन येतील. आणि तो तपासावयास एक जाणता शिक्षक नेमावा. निष्कर्ष चुकला तर तो का चुकला, हेही मुलास समजावे.

दशकाचा अंक एककात आला की त्याच्या नऊपट मूल्य घटते, आणि एककाचा दशकात गेला की त्याच्या नऊपट वाढते. म्हणून फरकास नऊने भाग जातो. एवढेच ते उत्तर होते. त्या गुमास्त्यास ते देणे तेव्हा आमच्याने झाले नाही. आपल्या पेढीवरील मुलास तरी ते मिळावे.