कयाक सफरीचा धंदा : ‘आज नाही’ म्हणणाऱ्याचे नुकसान होऊ नये

कोकण किनाऱ्यावर एक नवा धंदा मूळ धरू लागला आहे. कयाक म्हणजे वल्ह्याने हाकायची अरुंद, हलकी होडी. तीत बसून किनाऱ्याजवळची बेटे व जलदुर्ग फिरून पाहण्याची हौस शहरी गिऱ्हाइकांना लागली आहे. हर्णैचा सुवर्णदुर्ग 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हा ही मागणी वाढेल, असा आमचा अंदाज आहे. आमच्या तांडेल व होडी-कारागीर बंधूंनी या धंद्यात जरूर उतरावे. मात्र यात विकायचा माल होडी नसून बेत आहे, हे आधी ओळखावे.

सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून हाकेच्या अंतरावर दिसतो, आणि तेथेच नवखा फसतो. नवख्याची कयाक तासाला तीन-चार किलोमीटर जाते. समोरून तितकाच प्रवाह आला तर हात चालतात, होडी जागेवरच राहते. दुर्गाचा दरवाजा पूर्वेला, जमिनीकडे आहे. समुद्राकडच्या बाजूला मात्र कातळावर आपटून परतणाऱ्या लाटा होडीला स्वस्थ राहू देत नाहीत.

म्हणून तारीख गिऱ्हाइकाच्या सुट्टीवरून ठरवू नये, पाण्यावरून ठरवावी. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. चांदच्या 8 व 22 तारखेच्या आसपास भांग असते, पाण्याची ओढ कमी असते. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात नवख्यांना नेऊ नये. मोसमात सकाळी मतलई वारा असतो, दुपारी खारा वारा जोर धरतो व लाटा उठतात. सबब पहाटे निघावे आणि ऊन चढण्याआधी किनारा गाठावा. जून ते सप्टेंबर धंदा बंदच ठेवावा.

प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, एक जादा वल्हे, पाणी आणि सोबतीला मशीनची होडी, हा खर्च दरातच धरावा. सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात व सागरी पोलिसांकडे आधी चौकशी करावी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 प्रत्येकाला पाठ असावा.

एवढे करूनही एखाद्या सकाळी समुद्र नाही म्हणतो. खरी परीक्षा तेव्हाच असते. आगाऊ रक्कम गल्ल्यात पडलेली, मुंबई-पुण्याची मंडळी दारात उभी, आणि तांडेलाची मजुरी सफर झाली तरच मिळणार. अशा वेळी मोह होतो, आणि बुडण्याचे प्रसंग अशाच मोहातून येतात.

आमचे स्पष्ट मत असे की, निघायचे की नाही हा निर्णय गल्ल्यावर बसणाऱ्याचा नसावा, तांडेलाचा असावा. सफर रद्द झाली तरी त्याला ठरलेली मजुरी मिळावी. गिऱ्हाइकाला दुसरी तारीख किंवा पूर्ण परतावा मिळावा. हे पावतीवर आधीच छापावे. रद्द होणाऱ्या दिवसांचा बोजा मोसमाच्या दरात वाटून घ्यावा.

शेजारचा स्वस्तात नेतो, असे म्हणून दर पाडू नयेत. एक अपघात झाला की सगळ्या बंदराचा धंदा बसतो, खानावळवाला आणि रिक्षावालाही त्यात भरडला जातो. परत पाठवलेले गिऱ्हाईक मात्र पुन्हा येते, आणि येताना आणखी चार जणांना घेऊन येते.