साचा एक, पाने अनेक

मराठीत ‘साचा’, उर्दूत ‘साँचा’. दोन्ही भाषांच्या विकिपीडियांनी टेम्पलेटसाठी हाच शब्द घेतला आहे. तरीही साचा कशासाठी असतो, हे आपल्याला अजून उमगलेले नाही असे मला वाटते.

मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या एका शाळेच्या संकेतस्थळाला मी मदत करत होतो. वरची पट्टी, फोन नंबर, परीक्षेची तारीख, सगळे प्रत्येक पानावर कॉपी-पेस्ट केलेले. तारीख बदलली तेव्हा मराठी पाने सुधारली, उर्दूचे एक पान राहून गेले. त्यावर विसंबलेले एक वडील मुलीला घेऊन आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. हा निव्वळ विसराळूपणा नव्हता, पद्धतच चुकीची होती.

जी माहिती सगळ्या पानांना सारखी, ती एकाच फाइलमध्ये ठेवावी आणि पानांनी ती तिथून घ्यावी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३५ चे ३६ झाले. यादी साच्यात असेल तर एक दुरुस्ती पुरते. पानोपानी लिहिलेली असेल तर प्रत्येक पान उघडा. आपल्याच जिल्ह्याचे नाव कुठे ‘बुलडाणा’, तर कुठे ‘बुलढाणा’ दिसते, ते आठवा.

पण सगळेच साच्यात कोंबू नये. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. सामाईक फाइलमध्ये मराठीची भाषा आणि दिशा कायमची लिहून ठेवली, तर उर्दू मजकूर डावीकडे चिकटतो आणि आकडे, कंस आले की ओळ विस्कटते. म्हणून भाषा आणि दिशा प्रत्येक पानाने साच्याला सांगावी. शिवाय जोडायच्या तुकड्यात अख्ख्या पानाचे एचटीएमएल आणि बॉडीचे टॅग पुन्हा घालू नयेत. तो पानाचा भाग आहे, स्वतंत्र पान नाही.

“आमची पानेच पाच, एवढा खटाटोप कशाला?” असे सहकारी विचारतात. पाच पाने सांभाळायला वेगळा माणूस नाही, म्हणूनच! आज हे काम करणारा शिक्षक उद्या बदलून जाईल.

सामाईक फाइल ही अमानत आहे. तिथली एक चूक सगळ्या पानांवर उमटते. बदल केल्यावर एक मराठी आणि एक उर्दू पान उघडून पाहा, मगच उठा.