ग्रुपवर टाकलंय ना!

शाळा घराशी बोलत नाही अशी तक्रार कुणी केली की हमखास उत्तर येते : 'ग्रुपवर टाकलंय ना!' आणि ते खोटे नसते. सहावी-सातवीच्या कुठल्याही वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडून पाहा. उद्या येताना कार्डशीट, फेव्हिकॉल आणि २० रुपये आणणे. शनिवारी शाळा सकाळची भरेल. आधारकार्डाची झेरॉक्स ज्यांनी दिलेली नाही त्यांनी त्वरित जमा करावी. 'अपार' ओळखक्रमांकाच्या संमतिपत्रावर सही करून पाठवावी. खाली 'आज्ञेवरून'. संदेश पाठवायची मुभा फक्त अॅडमिनला. पालकांनी अंगठा दाखवायचा किंवा हात जोडायचे. एवढे सगळे कळवूनही पालकांना आणखी काय हवे, असे शाळांना मनापासून वाटते.

हवे ते निराळेच आहे. घरून काय पाठवायचे, किती भरायचे आणि कुठे सही करायची हे शाळा रोज सांगते. वर्गात मुलाकडून काय अपेक्षित आहे, त्याला कशावरून जोखणार आणि तो मागे पडला तर पुढे काय होणार, हे मात्र ती जवळजवळ सांगतच नाही. सहावी ते आठवी या तीन वर्षांत या मौनाची किंमत सर्वांत जास्त पडते.

उदाहरण मूल्यमापनाचेच घेऊ. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात आकारिक म्हणजे वर्षभराचे तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ. आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. या दोहोंचे वजन इयत्तेप्रमाणे बदलते. सहावीत ते ५०-५० असते, सातवीत ४०-६० होते. समजा एक मुलगी प्रकल्पात हुशार आहे, लेखी परीक्षेत बेताची. सहावीत तिला आकारिकमध्ये ५० पैकी ४६ आणि संकलितमध्ये २६, म्हणजे एकूण ७२ गुण मिळाले. श्रेणी ब१. सातवीत तिने तितकेच काम केले, तितकाच अभ्यास केला, तर ४० पैकी ३७ आणि ६० पैकी ३१, म्हणजे ६८. श्रेणी ब२. मुलगी तसूभर बदललेली नाही, बदलली आहे ती मोजपट्टी. घरात मात्र मोबाइल काढून घेतला जातो, मैत्रिणीच्या घरी जाणे बंद होते, गल्लीतल्या क्लासची फी भरली जाते. लेखी उत्तरे लिहायचा सराव कमी पडतो आहे, एवढे एक वाक्य जूनमध्ये कुणी सांगितले असते तर पुढचे बरेच टळले असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' हे वाक्य अजूनही पालकांच्या तोंडी आहे. २०१० साली शिक्षणहक्क कायदा अमलात आला तेव्हा ते खरे होते. २०१९ मध्ये केंद्राने त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम आणला. त्यात जो अनुत्तीर्ण होईल त्याला जादा मार्गदर्शन, मग फेरपरीक्षा. त्यातही अपयश आले तर पुन्हा तोच वर्ग. आता मधल्या दोन वर्षांकडे पाहा. सहावी आणि सातवीत मूल कुठेही अडत नाही, पुढे पुढे जात राहते. अपूर्णांक पाचवीत डोक्यावरून गेले असले तरी सातवीत समीकरणे समोर येतातच, आणि वर्ग पुढे गेला म्हणजे जमते आहे अशी घरच्यांची समजूत होते. धोक्याची घंटा एकदम आठवीच्या शेवटी वाजते. म्हणजे ज्या दोन वर्षांत परीक्षा काही बोलत नाही, त्याच दोन वर्षांत शिक्षकाने बोलायला हवे.

'प्रगतिपत्रक देतो की', हे यावरचे पुढचे उत्तर. ते प्रगतिपत्रकही पाहू. वर्णनात्मक नोंदींचे रकाने ठरलेले : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. त्यांत काय असते? 'सांगितलेले काम नीटनेटके करतो.' 'चित्रे काढण्याची आवड आहे.' 'अक्षर सुधारणे आवश्यक.' या वाक्यांच्या तयार याद्या शिक्षकांच्या मोबाइलमध्ये फिरत असतात. हजेरीक्रमांक एक ते दहा यांना पहिली, अकरा ते वीस यांना दुसरी, असाही हिशोब चालतो. चाळीस मुलांपैकी पंधरा जणांचे अक्षर सुधारणे आवश्यक आणि भागाकार येत नाही असा एकही नाही, हा चमत्कार केवळ प्रगतिपत्रकातच घडतो. मी शिक्षकांना दोष देत नाही. नोंद करायची सक्ती आहे आणि ती वाचून कुणी प्रश्न विचारेल अशी शक्यता नाही, तेव्हा माणूस दुसरे काय करणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली, आणि त्याच्या जोडीला पालक-शिक्षक भेटी हव्यात असेही म्हटले. रकाने वाढतील यात शंका नाही. भेटींचे पाहायचे.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला : पालक येतच नाहीत. सभा बोलावली की चाळीसपैकी आठ-दहा जण हजर, त्यातही बहुतेक आया. हे खरे आहे, पण आलेल्यांचे काय होते तेही पाहायला हवे. शनिवारी अकरा वाजता सभा. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा खाडा झालेला. ती मुलांच्या बाकावर अंग चोरून बसते. पाहुण्यांचे स्वागत, दीपप्रज्वलन, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे मनोगत यांत पाऊण तास जातो. मग बाई हजेरीपट उघडून एकेक नाव घेतात आणि सगळ्यांदेखत सांगतात, 'तुमचा मुलगा बडबड फार करतो हो. घरी जरा लक्ष द्या.' ती 'हो बाई' म्हणते आणि खाली बघते. बडबडीपलीकडे त्याला काय येते, काय येत नाही, याचा उल्लेखही नाही. उठता उठता सहलीच्या पैशांची आठवण. असल्या सभेला पुढच्या वेळी ती का येईल? न येणे हा बेफिकिरीचा पुरावा मानला जातो. मला तो शहाणपणाचा वाटतो.

आणि काहींना येणे शक्यच नसते. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात. पहिल्या सत्राचा निकाल शाळेत वाटला जातो तेव्हा आईबाप कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतात आणि मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. त्यांच्याशी डिसेंबरच्या सभेत बोलू म्हणणे म्हणजे न बोलणेच. त्यांना सांगायचे ते जून-जुलैत सांगायला हवे, आणि नंतर फोनवर, रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परतल्यावर.

दुसरा आक्षेप खासगीत ऐकू येतो : 'त्यांना सांगून काय कळणार?' याला उत्तर द्यायलाही संकोच वाटतो. बचत गटाचे हप्ते आणि व्याज तोंडपाठ असलेल्या बाईला ४०-६० कळणार नाही? कळत नाही ती आपली भाषा. 'अध्ययन निष्पत्ती', 'क्षमताधिष्ठित', 'उपचारात्मक अध्यापन' हे शब्द अधिकाऱ्यांसाठी आहेत. 'तुमची मुलगी धडा वाचते, पण वाचलेले स्वतःच्या शब्दांत लिहिताना अडते' हे कुणालाही कळते. इंग्रजी माध्यमात तर आणखी मजा. डायरीत शेरा इंग्रजीत, घरी इंग्रजी वाचणारे एकच माणूस, आणि ते म्हणजे ज्याच्यावर शेरा आहे तो मुलगा. तो काय वाचून दाखवत असेल ते सांगायला नको! सेमी इंग्रजीचेही तेच. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घेतल्याने मुलाला विषय अवघड जातो आहे की भाषा, हे घरच्यांना कुणीतरी उलगडून सांगायला हवे. नाहीतर 'पोरगं गणितात कच्चं' असा शिक्का बसतो आणि तो जन्मभर राहतो.

तिसरा आक्षेप मला आदराने घ्यावासा वाटतो. तो असा की बारा-तेरा वर्षांची मुले आता मोठी होत आहेत. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत आईबापांनी नाक खुपसले तर ती जबाबदारी कधी शिकणार? यात तथ्य आहे. प्रत्येक चाचणीचा गुण त्याच संध्याकाळी बापाच्या मोबाइलवर पोचवणारी अॅप मला अजिबात पसंत नाहीत. गृहपाठ न केलेल्यांची यादी वर्गाच्या ग्रुपवर टाकणे तर त्याहून वाईट. ते कळवणे नाही, मुलाला चावडीवर उभे करणे आहे. मात्र यावरून घराला अंधारात ठेवावे असे सिद्ध होत नाही. सिद्ध इतकेच होते की सांगताना मूल समोर असावे. आधी त्याच्याशी बोलावे, मग त्याच्यादेखत आईवडिलांशी. पाठीमागे केलेली चहाडी आणि समोर बसून केलेला हिशोब यांतला फरक या वयाच्या मुलांना मोठ्यांपेक्षा चांगला कळतो.

शिवाय याच वयात अशा काही गोष्टी घडतात ज्यांचा एक तुकडा शाळेकडे असतो आणि दुसरा घराकडे. सातवीतली मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस गैरहजर राहू लागते. शाळेच्या हजेरीपटात ती 'अनियमित'. घरी कारण ठाऊक आहे, पण शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही किंवा पाणी नाही, हे तिने घरी सांगितलेले नसते. दोन तुकडे जोडले तर कडी बसवण्याचे काम, नाहीतर एका मुलीची शाळा सुटण्याची सुरुवात.

पैशांचेही तसेच. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात, तिची परीक्षा आठवीत होते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या ज्या मुलांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पण तिला बसायला सातवीत सर्वसाधारणपणे ५५ टक्के लागतात. हे आठवीत कळून काय उपयोग? ते सातवीच्या जूनमध्ये कळायला हवे. तसेच शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के कोट्यातून खासगी शाळेत मोफत शिकणाऱ्या मुलांचे. कायद्याची हमी आठवीपर्यंत. नववीत फी भरावी लागते, आणि हे नववीच्या उंबरठ्यावर ज्याला कळते त्याच्यापुढे कर्ज काढणे किंवा शाळा बदलणे एवढेच उरते. सहावीत कळले असते तर त्याने तीन वर्षे काहीतरी तजवीज केली असती.

राहता राहिला शिक्षकांच्या वेळेचा मुद्दा. निवडणुकीची कामे, 'यूडायस' या सरकारी प्रणालीत भरायची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, रोजच्या ऑनलाइन लिंका. त्यात पालकांशी बोलायचे कधी? ओझे खरे आहे आणि ते कमी व्हायला हवे. पण ते कमी करताना आधी काय काढावे, हा प्रश्न आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित बैठका घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती यांची माहिती देणे हे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे हे शाळेच्या मर्जीचे जादा काम नाही, ते मूळ कामांपैकी एक आहे. आणि वेळेचा हिशोबही करून टाकू. चाळीस मुले, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. चार संध्याकाळी पन्नास-पन्नास मिनिटे. सत्रातून एकदा. ज्या व्यवस्थेला कार्यक्रमांचे फोटो अपलोड करायला वेळ सापडतो तिला हे जमू नये?

तेव्हा मागणी फार मोठी नाही. जूनच्या उत्तरार्धात सबंध शाळेची नव्हे, एकेका वर्गाची बैठक घ्यावी, संध्याकाळी, सत्कार-समारंभाला फाटा देऊन. या वर्षी काय शिकायचे आहे, मूल्यमापन कसे होईल, गृहपाठ साधारण किती असेल आणि तो कुणी करणे अपेक्षित आहे (चार्ट आणि मॉडेल आईच करते हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा स्पष्ट बोललेलेच बरे), कोणत्या परीक्षांची तयारी आतापासून लागेल, अडचण आली तर कुणाला कोणत्या वेळी फोन करायचा, एवढे एका पानावर मराठीत लिहून हातात द्यावे. मग सत्रातून एकदा ती पाच मिनिटे, मूल शेजारी बसलेले. त्यात पहिला प्रश्न शिक्षकाने विचारावा : घरी हा कसा असतो? पालकाला बोलू दिले की शाळेलाही चार गोष्टी नव्याने कळतात. वर्गाचा ग्रुप आहे तसा राहू द्या, कार्डशीटसाठी तो उत्तम आहे.

शाळा हे आपणहून करतील असे मी धरून चालत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. बहुतेक ठिकाणी या समितीसमोर रंगकाम, संरक्षक भिंत आणि अनुदानाची खर्चपावती येते आणि सह्या होतात. खासगी शाळांत २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला. तिथे भांडण फक्त फीचे, आणि तेही हरल्याच्या चेहऱ्याने. या दोन्ही ठिकाणी पुढच्या बैठकीत एक विषय लेखी मांडता येतो : सातवीच्या पालकांना या वर्षी मूल्यमापनाबद्दल, एनएमएमएसबद्दल आणि आठवीच्या परीक्षेबद्दल काय सांगितले, कुठल्या तारखेला, आणि त्या वेळी किती जण हजर होते. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. 'ग्रुपवर टाकले आहे' असे उत्तर आले तर तेही तसेच्या तसे नोंदवावे, तारखेसह.